अमेरिकेत मंजूर निधी अडवला गेला, तर ते कायद्यात बसते का हे कसे तपासावे

अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केलेला निधी एखाद्या खात्याने किंवा व्हाइट हाउसने रोखून धरल्याची बातमी आली की चर्चा लगेच हेतूंकडे वळते. तपासणाऱ्याने मात्र आधी दोन गोष्टी हाती घ्याव्यात: पैसा देणाऱ्या कायद्याचा मजकूर, आणि तो पैसा ज्या तारखेला कालबाह्य होतो ती तारीख. बहुतेक वाद या दोहोंवरच ठरतात, आणि त्यांतही तारीख अधिक निर्णायक असते, असे माझे मत आहे.

मजकूर वाचताना आज्ञा आणि मुभा यांतला फरक शोधावा. ‘वाटप केले जाईल’ असे कायदा म्हणत असेल तर खात्याला निवड फारशी उरत नाही. ‘अमुक रकमेपर्यंत’ असे म्हणत असेल तर थोडी मोकळीक असते. आणि कार्यक्रमवार न विभागता ठोक रक्कम दिली असेल तर ती मोकळीक बरीच वाढते. 1993 च्या लिंकन विरुद्ध विजिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठोक विनियोजनातून कोणता कार्यक्रम चालवायचा हा खात्याचा प्रश्न आहे, आणि संसदीय समितीच्या अहवालात व्यक्त केलेली अपेक्षा कायद्यात उतरलेली नसेल तर ती खात्यावर बंधनकारक नसते. त्यामुळे समितीच्या अहवालातले वाक्य दाखवून ‘कायदा मोडला’ असे म्हणण्याची घाई करू नये.

आज्ञा स्पष्ट असेल तर काय होते, हे पाहण्यासाठी ट्रेन विरुद्ध न्यूयॉर्क शहर हा खटला वाचावा. जलप्रदूषण रोखण्याचा 1972 चा कायदा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या नकाराधिकारावर मात करून काँग्रेसने संमत केला होता. त्यात सांडपाणी प्रकल्पांसाठी 1973 या वित्तीय वर्षाकरिता 5 अब्ज आणि 1974 करिता 6 अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद होती, आणि ती वाटण्याची आज्ञाही होती. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून पर्यावरण संरक्षण संस्थेने मात्र अनुक्रमे 2 आणि 3 अब्जच राज्यांना वाटले. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यातला ‘सर्व’ हा शब्द शेवटी वगळला गेला, म्हणजे कमी वाटण्याची मुभा मिळाली, असा सरकारचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पूर्ण रकमेचे वाटप करावेच लागेल असे ठरवले. हा निकाल त्या कायद्याच्या अर्थावर दिला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक अधिकाराचा प्रश्न न्यायालयाने सोडवला, असे समजू नये.

आता तारीख. वित्तीय वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होऊन 30 सप्टेंबरला संपते. काही निधी एका वर्षापुरता, काही अनेक वर्षांसाठी, तर काही ‘खर्च होईपर्यंत’ उपलब्ध असतो. मुदत लागू होते ती पैसा करारात किंवा अनुदानात बांधील करण्याला, प्रत्यक्ष देयक चुकते करण्याला नव्हे. मुदतीत बांधील झालेल्या रकमेची देयके पुढची पाच वर्षे भागवता येतात. म्हणून ‘पैसा अजून पोहोचला नाही’ ही तक्रार आणि ‘पैसा बांधीलच केला नाही’ ही तक्रार वेगवेगळ्या ठेवाव्यात. दुसरी बहुधा अधिक गंभीर असते.

यानंतर मंजूर निधी अडवण्याला लगाम घालणाऱ्या 1974 च्या इम्पाउंडमेंट कंट्रोल अ‍ॅक्टच्या कसोट्या लावाव्यात. निधी कायमचा रद्द करायचा असेल तर राष्ट्राध्यक्षाने रक्कम, खाते, कारण आणि परिणाम नमूद करणारा विशेष संदेश काँग्रेसला पाठवावा लागतो, आणि सत्र चालू असलेल्या 45 दिवसांत रद्दीकरणाचे विधेयक संमत झाले नाही तर पैसा मोकळा करावा लागतो. ही गणना साध्या दिनदर्शिकेवर करू नये. कोणतेही सभागृह तीन दिवसांहून अधिक काळ तहकूब असेल तर ते दिवस धरले जात नाहीत. हा मार्ग खरोखर चालतो: जुलै 2025 मध्ये काँग्रेसने परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे सुमारे 9 अब्ज डॉलर याच पद्धतीने रद्द केले.

निधी केवळ लांबणीवर टाकायचा असेल तरी संदेश लागतोच, आणि कारणे तीनच चालतात: आकस्मिक गरजेसाठी तरतूद, बदललेल्या गरजांमुळे किंवा कार्यक्षमतेमुळे होणारी बचत, अथवा एखाद्या कायद्याने स्पष्टपणे दिलेली परवानगी. हे लांबवणे वित्तीय वर्षाच्या पलीकडे नेता येत नाही. धोरण पटत नाही, हे कारण या यादीत नाही. अर्ज छाननीत आहेत, नियम तयार होत आहेत, असा कामकाजातला विलंब मात्र यात मोडत नाही. त्याला संदेशाची गरज नसते. नेमके इथेच खाते आपला बचाव उभा करते. तेव्हा खाते त्या काळात निधी खर्चण्याच्या दिशेने खरोखर काही पावले टाकत होते का, हे कागदपत्रांवरून पाहावे.

2019 चे युक्रेन प्रकरण याचा नमुना आहे. संरक्षण खात्याला मिळालेल्या 25 कोटी डॉलरपैकी सुमारे 21.4 कोटी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने निधीवाटपाच्या आदेशातील तळटिपांद्वारे रोखले. निधीचा सर्वोत्तम वापर ठरवण्यासाठी हा थोडा विराम आहे, असे त्या तळटिपांत म्हटले होते. काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे जीएओने, जानेवारी 2020 मध्ये हा कामकाजातला विलंब नसून धोरणात्मक कारणासाठी केलेली अडवणूक आहे, म्हणजेच कायद्याचा भंग आहे, असा निर्णय दिला.

असे वाटप-आदेश सार्वजनिक करणे 2022 पासून कायद्याने बंधनकारक आहे. 2025 मध्ये ते प्रसिद्ध करणारे संकेतस्थळ बंद करण्यात आले होते. न्यायालयाच्या आदेशानंतर ते पुन्हा सुरू झाले. तळटिपा आवर्जून वाचाव्यात. विशेष संदेश फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, सापडतात, आणि जीएओचे निर्णय त्यांच्याच संकेतस्थळावर.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे वर्ष संपता संपता रद्दीकरणाचा संदेश पाठवणे, जेणेकरून 45 दिवस पुरे होण्याआधीच निधीची मुदत उलटावी. असे करता येत नाही, हे जीएओने 2018 मध्येच सांगितले होते. तरीही ऑगस्ट 2025 च्या अखेरीस परदेशी मदतीच्या सुमारे 4.9 अब्ज डॉलरबाबत तसा संदेश गेला, आणि 26 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातील सुमारे 4 अब्ज अंतरिम आदेशाने रोखून ठेवू दिले. 1974 चा हा कायदा खासगी पक्षांना अशा दाव्यापासून बहुधा वगळतो, असे सरकारने पुरेसे दाखवले आहे, असे न्यायालयाचे प्राथमिक मत होते. अंतिम निकाल म्हणून ते उद्धृत करू नये, पण दुर्लक्षही करू नये.

मग दाद कोणाकडे मागावी? काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत जीएओकडे निर्णयाची मागणी करता येते. जीएओचे प्रमुख, कंट्रोलर जनरल, स्वतः खटलाही भरू शकतात. मात्र त्याआधी काँग्रेसला निवेदन देऊन सत्राचे 25 दिवस थांबावे लागते, आणि हा अधिकार प्रत्यक्षात वापरला गेला तो 1975 मध्ये. कायद्याचे शब्द कडक आणि अंमलबजावणी दुबळी, ही इथली खरी अडचण आहे.

अनुदान अडकलेल्या संस्थेने वकिलाशी बोलून सर्वप्रथम न्यायालय कोणते हे ठरवावे. एप्रिल 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानुसार, अनुदान करारातील पैशाची मागणी असेल तर ती जिल्हा न्यायालयाऐवजी फेडरल क्लेम्स न्यायालयात, म्हणजे केंद्र सरकारविरुद्धचे पैशाचे दावे चालवणाऱ्या न्यायालयात, जाण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या निधीच्या मूळ कायद्यातच वाटपाची आज्ञा असेल तर दावा त्या आज्ञेवर उभा करणे अधिक भक्कम ठरते. आणि काहीही झाले तरी दावा निधीची मुदत संपण्यापूर्वी दाखल करून ती रक्कम राखून ठेवण्याचा आदेश त्याच वेळी मागावा; मुदतीच्या आत आलेल्या दाव्यात न्यायालय निधीची उपलब्धता टिकवू शकते, मुदत उलटल्यानंतर आलेल्या दाव्यात मात्र वाटण्यासाठी बहुधा काही उरलेले नसते.