वर्गात तंत्रज्ञान आणताना या चुका टाळा: ‘मला नको ते’ म्हणणाऱ्या शिक्षकांना साथ देताना

गणित शिकवणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी स्मार्ट बोर्डला वर्षभर हात लावला नव्हता. प्रशिक्षणाला त्या आल्या होत्या, सही करून गेल्या होत्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, ‘बाईंना नवं काही नको असतं.’ एकदा मी त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी पडदा काळा झाला. चाळीस मुलं बघत होती. दहा मिनिटं गेली, आणि नंतर वर्ग हातात आला नाही.” त्या नकाराला इतकं साधं कारण होतं, आणि वर्षभरात ते कुणीही विचारलं नव्हतं.

सहकाऱ्यांना मदत करताना मी स्वतः केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहितो आहे.

नकाराला आळस समजू नका

पेगी अर्टमर या संशोधिकेने १९९९ मध्ये शिक्षकांपुढच्या अडथळ्यांचे दोन थर मांडले. एक बाहेरचा: यंत्रं, वेळ, प्रशिक्षण, मदत. दुसरा आतला: आपण कसं शिकवतो याबद्दलच्या धारणा आणि स्वतःवरचा विश्वास. आपण बाहेरचा थर दूर करतो आणि काम झालं असं समजतो.

म्हणून आधी ऐका. ‘वेळच नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकाला आणखी एक कार्यशाळा नको असते, तयार केलेला एक धडा हवा असतो. ‘बंद पडलं तर?’ असं विचारणाऱ्याला वर्गावरची पकड जाण्याची भीती असते. आणि ‘माझं फळ्यावर छान चाललंय’ म्हणणाऱ्याचं खरोखर छान चाललेलं असू शकतं. ते मान्य करा. चांगला चाललेला तास पडद्यावर नेल्याने आणखी चांगला होईलच असं नाही.

अॅपपासून सुरुवात करू नका

प्रशिक्षणात अॅपची वीस बटणं दाखवली जातात आणि घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोक एखादं साधन वापरतात की नाही याचा संबंध ते किती सोपं वाटतं यापेक्षा किती उपयोगी वाटतं याच्याशी अधिक दिसला होता. आपण मात्र ‘अहो, एकदम सोपं आहे’ हेच घोकत बसतो. ज्याला ते जमत नाही, त्याला हे वाक्य तर लागतंच.

त्याऐवजी विचारा, “बाई, मुलं दरवर्षी कुठे अडतात?” आमच्या बाई म्हणाल्या, “त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश हे मुलं पाठ करतात, पण त्यांना पटत नाही. फळ्यावर मी तीनच त्रिकोण काढू शकते.” इथे साधनाला जागा मिळाली. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून ओढला की तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज हलत नाही. (कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी लावायचा प्रयोगही सोडू नका. तो आधी करावा, मग पडदा.)

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी २००६ मध्ये विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान यांची सांगड घालणारी चौकट मांडली. पहिली दोन ज्ञानं बाईंकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती, हे मला तेव्हा नीट कळलं.

माउस हिसकावून घेऊ नका

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा केली आहे. समोरचा चाचपडतो, आपल्याला राहवत नाही, ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणत आपण चार क्लिक करतो. काम होतं, पण ‘हे आपल्याला जमणारं नाही’ हे त्यांच्या मनात पक्कं होतं. हात मागे बांधून बसा. पायऱ्या त्यांच्याच वहीत, त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. आधी रिकाम्या वर्गात सराव करा. मग खऱ्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसा, आणि पुढच्या वेळी बाहेर थांबा. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात कार्यशाळेनंतरच्या अशाच सोबतीवर भर दिला होता.

केबल जोडायला विद्यार्थी पुढे बोलवायचा असेल, तर आधी शिक्षकांना विचारा. काहींना त्याने हायसं वाटतं, काहींना अपमान वाटतो.

ऐन तासाला अडतं ते

पडदा कोरा दिसत असेल तर केबल तपासा. विंडोज असेल तर विंडोज आणि ‘पी’ ही दोन बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र दिसतं पण आवाज नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे एचडीएमआय जोडल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे वळतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर निवडा. नेट अडखळत असेल तर आदल्या दिवशीच तयारी हवी. फेट या संकेतस्थळावरची अनेक सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) उतरवून नेटशिवाय चालवता येतात. मराठी मजकुराची अगम्य अक्षरं झाली असतील, तर तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. युनिकोडमध्ये टाइप करा किंवा पीडीएफ करून न्या. आणि वर्गातल्या संगणकावर स्वतःचं खातं उघडलं असेल तर निघताना साइन आउट करा.

एवढं करूनही काही ना काही बंद पडणारच. म्हणून मी दोन मिनिटांची मर्यादा सुचवतो. तेवढ्यात सुरू झालं नाही तर खडू घ्यायचा. तोच धडा फळ्यावर कसा घ्यायचा हे टाचणात आधीच लिहून ठेवायचं. बाईंची भीती कमी झाली ती या एका ओळीमुळे.

तास मोजू नका

‘आठवड्याला तीन तास पडद्यावर झालेच पाहिजेत’ असा हुकूम निघाला की पुस्तकातले परिच्छेद स्लाइडवर चढतात आणि शिक्षक ते वाचून दाखवतात. चित्र आणि बोलणं चालू असताना तेच शब्द पडद्यावरही दिले तर शिकण्यात अडथळा येतो, असं रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत आढळलं आहे. मुख्याध्यापकांनी फोटो मागू नयेत. पडद्यामुळे मुलांना असं काय दिसलं जे फळ्यावर दिसलं नसतं, एवढं विचारावं.

बाईंनी त्यानंतरच्या वर्षी बोर्ड फक्त दोनदा वापरला. दुसऱ्या तासानंतर त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “ते शिरोबिंदू ओढायचं चौकोनाचंही करता येईल का? बेरीज तीनशे साठच राहते का, ते मुलांनाच ओढून बघू दे.”