आधी माणूस बसवा, मग फोटो उघडा

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला 'ए' ग्रेड, दर जयंतीला शाळेच्या फळ्यावर माझ्या हातचं चित्र, आणि गल्लीत 'अगदी फोटोसारखं काढते' असा लौकिक. एवढ्या शिदोरीवर मी कला महाविद्यालयात गेले. पहिल्याच हेड स्टडीला, म्हणजे माणूस समोर बसवून त्याचं डोकं काढण्याच्या सरावाला, फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. वेळ दोन तासांची. मी डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. पापण्या, बुबुळ, बुबुळातला प्रकाशाचा ठिपका, डोळ्याखालची सुरकुती, सगळं पाऊण तास मन लावून केलं. मग दुसरा डोळा, मग नाक. ओठांपर्यंत आले तेव्हा कळलं की हनुवटीला कागदच उरलेला नाही, आणि वर मात्र वीतभर जागा रिकामी. वेळ संपल्यावर आजोबा चित्र बघायला आले. कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता वहाणा घालून निघून गेले. याला पंधरा वर्षं झाली, तरी ते आठवलं की आत कुठेतरी बोचतं.

व्यक्तिचित्रणाकडे वळू पाहणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं हेच होणार आहे, म्हणून लिहायला बसले. पेन्सिलचे नंबर, कागदाची जाडी, चारकोल कसा धरायचा हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात मी शिरत नाही.

ग्रेड परीक्षांमध्ये वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. जिवंत माणसाचं डोकं समोर ठेवून काढायला तिथे कुणी सांगत नाही. मग चेहरे आपण शिकतो कुठे? फोटोवरून, ग्राफ टाकून. फोटोवर अर्ध्या इंचाचे चौकोन, कागदावर दोन इंचांचे, आणि एकेका चौकोनातली रेघ जशीच्या तशी उचलायची. माझे शाळेतले सगळे चेहरे असे झाले होते. मला कुणी फसवलं नव्हतं. चित्र हुबेहूब यायचं आणि घरचे कौतुक करायचे, त्यामुळे यात काही चुकतंय अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

ग्राफमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या. चौकोनात बघताना तुम्ही नाक बघत नाही, त्या चौकोनातली वाकडी रेघ बघता. कपाळ आणि हनुवटी यांचं एकमेकांशी नातं काय, मान खांद्यात कुठे रुतते, डोकं किती अंशांनी कलंडलंय, हे प्रश्न चौकोनांनी आधीच सोडवून ठेवलेले असतात. हात तयार होतो, नजर आहे तिथेच राहते. आणि समोर बसलेल्या आजोबांवर चौकोन आखलेले नसतात.

हा झाला अर्धा सापळा. उरलेला अर्धा फोटोतच असतो आणि तो जास्त घातक आहे, कारण तो दिसत नाही. मोबाइल चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकं नाक मोठं आणि कान मागे सरकलेले. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ पाच फुटांवरून दिसतो त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. नाकाचा शेंडा कानापेक्षा बराच पुढे असतो आणि जवळची वस्तू मोठी दिसते, एवढंच आहे ते. पण घरातली माणसं एकमेकांना एक फुटावरून बघत नाहीत. समोरासमोर ताटावर बसून बघतात, ओट्यापासून दारापर्यंतच्या अंतरावरून बघतात, आणि त्यांच्या मनात बसलेला चेहरा त्या अंतरावरचा असतो. तुम्ही फोटो तंतोतंत उतरवला तर जवळून काढल्याने झालेली गडबडही तंतोतंत उतरवता. फ्लॅश असेल तर गालाच्या उंचवट्याची सावलीच पुसली जाते आणि चेहरा ताटासारखा सपाट होतो. वर काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी साठवली जाते. भांग दुसऱ्या बाजूला जातो, नथ डावीकडून उजवीकडे येते. नेहमीची नथ उजव्या नाकपुडीत दिसली की थांबा आणि घरच्यांना विचारा.

मी हे एका गिऱ्हाइकाकडून शिकले. पदविका झाल्यावर घरगुती ऑर्डरी घ्यायला लागले होते. आपल्याकडे व्यक्तिचित्राचं काम बहुतेक वेळा माणूस गेल्यावर येतं, तसं एक मुलगी आईचा फोटो घेऊन आली. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी जवळून काढलेला. मी तीन आठवडे खपले. ग्राफ टाकला, केसन् केस काढला, साडीच्या काठावरची वेलबुट्टीसुद्धा. ती आली, चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, फोटोसारखं आहे हो. आईसारखं नाही." पैसे तिने पूर्ण दिले. चित्र मात्र नेलं नाही.

तुम्ही घाबरावं म्हणून हे सांगत नाहीये. साम्य ही दैवी देणगी नाही, आणि ते डोळ्यांत तर मुळीच नसतं. एसटी स्टँडवर पन्नास पावलांवरून, पाठमोरा असला तरी आपला माणूस आपण ओळखतो. तिथे कुठे पापण्या दिसतात? खांद्यांची ठेवण, मानेचा कल, डोक्याचा घेर, यांतच माणूस असतो. म्हणून पहिली दहा मिनिटं डोळे-नाक-ओठ यांना हातच लावायचा नाही. डोळे किलकिले करून बघा, सावलीचा सगळा भाग एकच आकार म्हणून भरा, डोकं मानेवर कसं बसलंय तेवढं पकडा. डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर येते. नवशिक्यांच्या चित्रात ती वर सरकते आणि कपाळ आखूड होतं, हे हमखास. एवढं जमलं की नाकडोळे आपोआप जागेवर बसतात. खरंच बसतात. मलाही पहिले चार महिने पटलं नव्हतं.

त्या काळात मला सावरलं ते जुन्या चित्रकारांनी. इतिहास आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो. या चित्रांकडे 'समोर कोण बसलं होतं आणि किती वेळ' असा प्रश्न विचारत बघा. जर्मन चित्रकार ड्यूररने मार्च १५१४ मध्ये आपल्या आईचं, बार्बराचं, कोळशाने चित्र काढलं. गालांची हाडं वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, एक डोळा भलतीकडे गेलेला. मुलाने त्यातलं काही सावरून घेतलं नाही. मे महिन्यात ती गेली. ही शेवटची भेट असेल हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण तो तिच्याकडे किती वेळ बघत बसला असेल ते त्या रेघांत दिसतं. आपल्याकडे, १६१८ मध्ये, बादशहा जहांगीरने अफू आणि दारूने खंगलेल्या आपल्या दरबारातल्या इनायत खानला बघितलं आणि चित्रकारांना त्याची छबी उतरवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी इनायत खान वारला. लोडाला टेकलेला तो हाडांचा सापळा रेखाटनात बॉस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगीत चित्रात ऑक्सफर्डला. मी दोन्ही छापील रूपातच बघितलीत. त्यातलं रेखाटन मला जास्त हलवतं, कारण रंगीत चित्रात उश्या-लोडांकडेही लक्ष जातं, रेखाटनात फक्त माणूस उरतो.

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हॉल्बाइन, त्याची ऐंशीच्या आसपास रेखाटनं इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात आहेत. इंग्लंडच्या राजदरबारातली माणसं त्याच्यासमोर बसायची. तो खडूने चेहरा टिपायचा आणि कपड्यांचे रंग, कापडाची जात कागदावरच जर्मनमध्ये लिहून ठेवायचा. रंगवायचं काम नंतर, माणूस निघून गेल्यावर. बैठकीचा मोलाचा वेळ चेहऱ्याला, बाकीचं टिपणावर. हा धडा मी जसाच्या तसा उचललाय. फ्रेंच चित्रकार अँग्रचं बघा. १८१५ मध्ये नेपोलियनची सत्ता गेली, रोममधले फ्रेंच आश्रयदाते पांगले, तेव्हा तो तिथे येणाऱ्या पाहुण्यांची पेन्सिलने चित्रं काढून घर चालवत होता. चेहरा कसून पूर्ण केलेला, कोट आणि झगे चार सपासप रेघांत. ऑर्डरीवर पोट भरण्यात कमीपणा वाटत असेल तर ही चित्रं शोधून बघाच.

आणि आपल्या अंगणात तर केवढं आहे! सवाई माधवरावांच्या काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. १७९२ चं त्याचं पेशवे आणि नाना फडणवीसांचं चित्र लंडनला आहे. त्याच्याबरोबर काम केलेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी रेखाटली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, पुढे १९२० च्या सुमारास प्राचार्य सॉलोमन यांच्या काळात तिथे जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला जोर आला. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर, आचरेकर, देऊस्कर ही सगळी चित्रकार मंडळी माणूस समोर बसवून घडली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं चित्र कितीतरी जण राजा रविवर्म्याचं समजतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि त्यांच्यासमोर उभी होती त्यांची मुलगी. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड कल्पनेने सुचणारा नाही, तो समोर बघूनच येतो. आजचं उदाहरण हवं असेल तर चित्रकार वासुदेव कामत घ्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी.

आई, मुलगी, पत्नी. मॉडेल मिळत नाही ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. टीव्ही बघणारं माणूस अर्धा तास हलत नाही. तांदूळ निवडणारी आजी, दुपारच्या वेळी गिऱ्हाइकाची वाट बघणारे न्हावीकाका, पारावरची म्हातारी मंडळी, सगळे आहेत. विचारून बसा, चोरून काढू नका. मी रोज वीस मिनिटं, वर्षभर, घरातलं एक डोकं काढलं. सासूबाई म्हणायच्या, "मला म्हातारी केलीस गं." पण तिसऱ्या महिन्यापासून मालिका लागली की त्या स्वतःच दिव्याच्या बाजूला तोंड करून बसायला लागल्या.

मी ग्राफ सोडा म्हणते तेव्हा काही जण चिडतात. मोठं होर्डिंग रंगवायचं असेल तर जरूर वापरा, ते कामाचं साधन आहे. शिकण्याचं नाही. कागदाच्या सुरळीने घासघासून गुळगुळीत केलेली सावलीही मला आवडत नाही. गालाचं हाड कुठे वळतं हे कळलेलं नसताना घासलं की मेणाचा पुतळा होतो. शिकवणाऱ्यांबद्दलही माझं मत कडक आहे. जे सर तुमच्या हातातून चारकोल घेऊन तुमच्याच चित्रावर डोळा दुरुस्त करून देतात, त्यांच्या वर्गात चित्रं छान होतात आणि विद्यार्थी तसेच राहतात. माझी दोन वर्षं अशा एका वर्गात गेली. नंतर भेटलेले एक निवृत्त कलाशिक्षक माझ्या कागदाला बोटही लावायचे नाहीत. चुकलं की स्वतःच्या वहीच्या कोपऱ्यात दोन इंचाचं डोकं काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "आता तुझं तू शोध." रडू यायचं. पण सापडलेलं परत हरवायचं नाही.

फोटोवरून काम करायचंच नाही असं मी म्हणत नाही, माझंही घर त्यावरच चालतं. एका फोटोवर मात्र काम घेत नाही. निदान चार-पाच मागते, वेगवेगळ्या वयांतले, लांबून काढलेले. निम्मी रक्कम आधी घेते. त्या माणसाची चालण्याबोलण्याची लकब विचारते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्ताचं कुणी असेल, बहीण, भाऊ, मुलगा, तर त्यांना तासभर समोर बसवते. गालाचं हाड, जबड्याची ठेवण घराण्यात उतरलेली असते. फोटोने सपाट केलेलं तिथे बघायला मिळतं.

त्या आईचं चित्र मी दोन वर्षांनी पुन्हा काढलं. मुलीला फोन केला, पैसे नकोत म्हणून सांगितलं, फक्त मावशींना घेऊन ये म्हटलं. मावशी तीन दुपारी येऊन बसल्या. नाक फोटोपेक्षा अरुंद निघालं, कपाळ उंच, आणि डावा खांदा किंचित खाली, जो पंगतीच्या फोटोत आलाच नव्हता. "तिचाही तस्साच होता," मावशी म्हणाल्या, "दोघींनी विहिरीवरून पाणी आणलंय." वेलबुट्टी या वेळी काढली नाही. चारकोलने डोकं, मान, खांदे, पदराची एक रेघ, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मुलीने चित्र उचलून भिंतीला टेकवलं. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मावशीकडे वळून ती म्हणाली, "शेवटी शेवटी चष्मा लावायचीच नाही ना गं ती?" आणि मग दोघी आईचा चष्मा कुठे कुठे हरवायचा, ते बोलत बसल्या.