मोठ्या सीसीटीव्हीसाठी पीओई स्विच घेताय? पोर्ट नंतर मोजा, आधी वॅट मोजा

पीओई स्विच म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून कॅमेऱ्याचा डेटा आणि त्याला लागणारी वीज दोन्ही नेणारा डबा. तो घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती पोर्टचा देऊ? आणि आपण पण सांगून मोकळे होतो, चोवीस कॅमेरे आहेत, चोवीसचा द्या. गडबड इथंच होते. पोर्ट म्हणजे नुसती वायर खोचायची जागा, त्या सगळ्या पोर्टमधून मिळून एकूण किती वॅट बाहेर पडू शकतात हा खरा प्रश्न, आणि तो आकडा बॉक्सवर बारीक अक्षरात असतो नाहीतर नसतोच, मग डेटाशीट, म्हणजे कंपनीचा तांत्रिक माहितीचा कागद, काढून बघायची. पीओई बजेट म्हणतात त्याला. चोवीस पोर्टचेच स्विच १९० वॅटचे मिळतात, २५० चे मिळतात, ३७० चे पण मिळतात, दिसायला सगळे सारखेच आणि भावात मात्र चांगला फरक. दुकानदार स्वस्तातला पुढं करतो, आपण खूश होऊन घरी येतो.

मग होतं काय, दिवसा सगळं झकास चालतं. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे आयआर एलईडी, म्हणजे अंधारात दिसण्यासाठीचे बारके दिवे, लागतात आणि लोड चढतो. दिवसा चार-पाच वॅट घेणारा साधा बुलेट (नळीसारखा कॅमेरा) रात्री सात-आठवर जातो, लांबचं बघणारा मोठा बुलेट दहा-बारा घेतो. स्विचचं बजेट संपलं की तो सरळ काही पोर्ट बंद करतो, म्हणजे नेमके रात्रीच तीन-चार कॅमेरे गायब आणि सकाळी वायरमन येऊन बघेपर्यंत परत सुरू. मग कॅमेरा बदलतात, कनेक्टर बदलतात, बिचाऱ्या वायरमनला शिव्या. म्हणून कॅमेऱ्याच्या डेटाशीटमधला मॅक्सिमम पॉवरचा आकडाच धरायचा, दिवसाचा नाही.

स्टँडर्ड तीन आहेत, तेवढे लक्षात ठेवले की पुरे. ८०२.३एएफ २००३ चं, पोर्टला १५.४ वॅट. ८०२.३एटी २००९ चं, ३० वॅट, यालाच पीओई प्लस म्हणतात. ८०२.३बीटी २०१८ चं, त्यात ६० आणि ९० वॅटपर्यंत जातं. हे आकडे स्विचच्या तोंडाशी, शंभर मीटर वायरीत थोडं जातं, म्हणून एएफमध्ये कॅमेऱ्याला १२.९५ आणि एटीमध्ये २५.५ ची हमी. साध्या डोम (घुमटासारखा कॅमेरा) आणि बुलेटला एएफ भरपूर झालं. पीटीझेडला, म्हणजे फिरणाऱ्या आणि झूम करणाऱ्या कॅमेऱ्याला, सहसा एटी लागतं, आणि मोठा लांब आयआरवाला पीटीझेड असेल तर बीटी, ते त्याच्या डेटाशीटवर बघूनच ठरवा. एक मात्र पक्कं, बॉक्सवर यातलं कुठलंच नाव नसेल आणि नुसतं पीओई ४८ व्होल्ट असं लिहिलं असेल तर तो पॅसिव्ह असू शकतो. खरा पीओई स्विच आधी समोर कोण आहे ते विचारतो आणि मगच करंट सोडतो, पॅसिव्हवाला विचारत बसत नाही, लॅपटॉप लावा नाहीतर प्रिंटर लावा, डायरेक्ट व्होल्टेज. मोठ्या कामात त्याला दारात पण उभं करू नका.

आता जरा आतली गोष्ट, ही फार कमी लोक सांगतात. कॅमेरा लागला की तो स्विचला आपला क्लास सांगतो. क्लास २ म्हणजे ७ वॅट, क्लास ३ म्हणजे १५.४, क्लास ४ म्हणजे ३०. काही स्विच खरा वापर किती ते मोजून बजेट धरतात, पण काही स्विच क्लासप्रमाणे पूर्ण कोटाच राखून ठेवतात, कॅमेरा साडेसात वॅटच खात असला तरी. म्हणजे २५० वॅटच्या स्विचला क्लास ३ चे कॅमेरे लावत गेलात तर सोळा चालू होतील आणि सतरावा लागणारच नाही, कारण सतरा गुणिले १५.४ म्हणजे २६१ च्या वर गेलं. आणि आपला हिशेब सांगत असतो की बावीस कॅमेरे गुणिले साडेसात वॅट म्हणजे १६५ च होतात, पुरायला पाहिजे की! मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याचं पेज कॉम्प्युटरवर उघडतं त्यात, ही सेटिंग बदलता येते, बऱ्याच साध्या स्विचमध्ये नाही येत. घ्यायच्या आधी विचारा, बजेट क्लासवर धरतो का वापरावर. दुकानदार गप्प झाला तर डेटाशीट मागा.

उदाहरण घेऊ. समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि साठ कॅमेरे बसवायचेत. ऑफिस आणि गेटकडं अठरा, लूमच्या शेडमध्ये बावीस, गोडाऊन आणि कंपाउंडला अठरा फिक्स आणि दोन पीटीझेड. गोडाऊनचा हिशेब बघा, अठरा बुलेट प्रत्येकी ९ वॅट म्हणजे १६२, दोन पीटीझेड प्रत्येकी २५.५ म्हणजे ५१, झाले २१३. त्यावर तीस टक्के चढवा, २७७ च्या आसपास येतं. क्लासने धरलं तर अठरा गुणिले १५.४ म्हणजे २७७, अधिक दोन पीटीझेडचे ६०, एकूण ३३७. तर इथं ३७० वॅटचा चोवीस पोर्टवाला डोळे झाकून. हा ३७० चा आकडा येतो पण त्यातूनच, चोवीस गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. फक्त पीटीझेडसाठी पोर्टला ३० वॅट मिळतात ना तेवढं बघून घ्या, काही स्विचमध्ये पहिल्या दोन-चार पोर्टलाच जास्त पॉवर असते.

लूमच्या शेडसाठी मी एक चोवीसचा घेण्यापेक्षा सोळा-सोळाचे दोन घेईन. कारण एक, बावीस कॅमेरे एकाच डब्यावर असले आणि डबा गेला तर अख्खी शेड आंधळी. दोन असले तर एक आड एक कॅमेरा वेगवेगळ्या स्विचवर टाकायचा, म्हणजे एक बंद पडला तरी शेडचं अर्धं चित्र तरी दिसत राहतं. दुसरं कारण पंखा.

पंख्याचं नीट सांगतो, सोलापूरला हाच विषय सगळ्यात मोठा आहे. जास्त वॅटच्या स्विचला आत बारके फॅन असतात, ते बाहेरची हवा ओढतात. लूमवर हवेत काय असतंय, कापसाचे तंतू. ते तंतू जाळीवर बसतात, मग पंख्यात गुंडाळतात, पंखा जाम होतो, पॉवर सप्लाय तापतो आणि मे महिन्यात स्विच आपोआप रिस्टार्ट व्हायला लागतो. त्यात पत्र्याचं शेड. बाहेर ४२-४३ डिग्री असतं तेव्हा पत्र्याखाली वर टांगलेल्या बंद रॅकमध्ये काय असेल विचार करा. आणि बऱ्याच साध्या स्विचचं रेटिंग ४० नाहीतर ५० डिग्रीपर्यंतच असतं, त्यातही काहींच्या डेटाशीटमध्ये खाली तळटीप असते की एवढ्या तापमानाच्या वर पीओई बजेट कमी धरा. ती तळटीप वाचाच. तर करायचं काय, पहिलं म्हणजे स्विच लूमजवळ ठेवूच नका, शेजारी सुपरवायझरची केबिन असेल तिथं भिंतीवर रॅक मारा, खांद्याच्या उंचीला, पत्र्याला चिकटून नाही. केबिन नसेलच तर बिनपंख्याचा सोळा पोर्टचा बघा, नाहीतर इंडस्ट्रियल स्विच, ते ७५ डिग्रीपर्यंतचे मिळतात, महाग आहेत पण दर उन्हाळ्याला बदलण्यापेक्षा परवडतं. पंखेवाला असेल तर दर महिन्याला ब्लोअर मारायचा, लूमला मारताच ना, त्याच माणसाला सांगा, पण आधी स्विच बंद करून आणि लांबून.

बँडविड्थचं, म्हणजे एका वेळी किती डेटा जाऊ शकतो याचं, फार डोकं खाऊ नका पण एक चूक टाळा. कॅमेऱ्याचं स्वतःचं पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळं कॅमेऱ्याच्या बाजूचे सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) पाहिजेत असं काही नाही, तिथं पैसे वाचवता येतात. पण अपलिंक, म्हणजे स्विचमधून पुढं मेन रॅककडं जाणारं पोर्ट, गिगाबिटच पाहिजे. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ एमबीपीएसवर ठेवला तर चोवीसचे १४४ होतात, ते १०० च्या अपलिंकमधून जाणार कसे, मग प्लेबॅकला चित्र अडकतं आणि लोक हार्डडिस्कला दोष देतात. साठ कॅमेऱ्यांचे ३६० होतात. इथं एनव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या मशीनचा, इनकमिंग बँडविड्थ पण बघा, काही चौसष्ट चॅनेलच्या मशीनचा ३२० च असतो, म्हणजे चॅनेल शिल्लक पण जागा नाही. मग कॅमेऱ्यांचा बिटरेट (वर धरलेले ते ६ एमबीपीएस) कमी करा नाहीतर एनव्हीआर मोठा घ्या, स्विच बदलून काही होणार नाही.

जोडणी कशी करायची, तर प्रत्येक स्विचची लाईन सरळ ऑफिसच्या मेन रॅकला आणायची. गेटच्या स्विचमधून शेडला, शेडच्यातून गोडाऊनला अशी साखळी करू नका, पहिला गेला की मागचे सगळे गेले. आणि एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगला तांब्याची केबल नको, फायबर टाका. त्यासाठी स्विचला एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचे, पोर्ट पाहिजेत, कमीत कमी दोन. तांब्याच्या केबलची शंभर मीटरची मर्यादा सुटते हे आहेच, पण खरं कारण वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की उघड्यावरून गेलेली केबल सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका, आत आणते आणि एका फटक्यात स्विच, एनव्हीआर, दोन-चार कॅमेरे खलास. फायबरमधून करंट येत नाही. स्विचवर ६ केव्ही (किलोव्होल्ट) सर्ज प्रोटेक्शन लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, अर्थिंगच नसेल तर तो सर्ज जाणार कुठं? आणि आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन वाळून फुटते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहावं लागतं, हे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला माहीत असतं, त्याला विचारा.

बऱ्याच स्विचला बाजूला एक्स्टेंड नावाचं बटण असतं, २५० मीटर जातं म्हणून दाखवतात. जातं, पण त्या पोर्टचा स्पीड १० एमबीपीएस होतो. लांबच्या एखाद्या कॅमेऱ्याला चालून जाईल, पण सगळं डिझाईनच त्यावर उभं करू नका.

केबलवर थोडं बोलावंच लागेल कारण स्विच भारी घेऊन केबल सीसीए टाकणारे खूप आहेत. सीसीए म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या आसपास. ऐंशी-नव्वद मीटरवर रात्री आयआर लागले की कॅमेरा रिस्टार्ट मारतो ते यामुळं. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चमकली तर बॉक्स परत करा. ३०५ मीटरचा बॉक्स हातात उचलला की हलका लागतो, त्यावरूनही कळतं.

लाईट जाण्याचा हिशेब वेगळा करा. गोडाऊनच्या स्विचवर २१३ वॅट कॅमेऱ्यांचे, स्विचचे स्वतःचे पंचवीस-तीस आणि पॉवर सप्लायमध्ये जाणारे, असे धरून २७०-२८० वॅट यूपीएसवर येतात. बॅटरी त्यावरून ठरवा. बॅकअप किती तास हे नंतर, आधी लाईट गेल्याच्या क्षणाला काय होतं ते बघा. साध्या इन्व्हर्टरचा चेंजओव्हर, म्हणजे लाईटवरून बॅटरीवर जाणं, सावकाश असला तर स्विच रिस्टार्ट होतो, मग कॅमेरे बूट होतात, दोन-तीन मिनिटं रेकॉर्डिंगच नाही. दिवसात पाच वेळा लाईट फडफडली तर पाच वेळा खंड. इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये ठेवा, जमलं तर मेन रॅकला ऑनलाईन यूपीएस द्या, त्यात चेंजओव्हरचा खंडच नसतो. आणि एनव्हीआर यूपीएसवर पण शेडचा स्विच डायरेक्ट लाईनवर असा प्रकार करू नका, बघितलाय मी, लाईट गेल्यावर एनव्हीआर एकटाच जागा असतो आणि रेकॉर्ड करायला कॅमेराच नाही.

मॅनेज्ड घ्यायचा का? आठ-दहा कॅमेऱ्यांना गरज नाही, साठला घ्याच. शिडी लावून वर चढून कॅमेरा रिस्टार्ट करण्याऐवजी ऑफिसात बसून त्या पोर्टची पॉवर बंद-चालू करता येते, एवढ्यावरच पैसे वसूल. काही स्विचमध्ये कॅमेऱ्याचा डेटा थांबला की पोर्ट आपोआप रिस्टार्ट करायची सोय असते, ती चालू ठेवा. पोर्ट प्रायॉरिटी लावा, गेट आणि कॅशचे कॅमेरे हाय, जिन्यातला लो, म्हणजे पॉवर कमी पडलीच तर आधी जिना जाईल. व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं नेटवर्क, करून कॅमेरे ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून वेगळे ठेवा. कंपाउंडच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याची वायर काढून कोणी लॅपटॉप लावू शकतो, म्हणून त्या पोर्टला मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा नेटवर्क नंबर) लॉक करा. स्विचचा पासवर्ड बदला, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

घेताना वॉरंटीचा माल कुठं जातो ते विचारा. पुण्याला पाठवायचा असेल तर परत येईपर्यंत काय करणार? म्हणून एक आठ पोर्टचा पीओई स्विच कपाटात जादा ठेवा, निदान महत्त्वाचे कॅमेरे त्यावर चालतील.

आणि इन्स्टॉलरला पूर्ण पैसे द्यायच्या आधी रात्री आठनंतर साइटवर बोलवा. सगळे आयआर लागलेले असताना स्विचच्या पेजवर एकूण वॅट किती दाखवतो ते बघा, बजेटच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या आत पाहिजे. मग त्याच्यासमोरच लाईटचा मेन स्विच खाली ओढा, यूपीएसवर एकही कॅमेरा न जाता चाललं पाहिजे. यूपीएसही बंद करून परत चालू करा, साठच्या साठ कॅमेरे आपोआप परत येतात का मोजा. कुठल्या पोर्टला कुठला कॅमेरा त्याची यादी रॅकच्या दारावर आतून चिकटवून घ्या आणि मग राहिलेले पैसे द्या.