एकशेवीस हर्ट्झची गुणगुण: घरच्या रेकॉर्डिंगचं सामान जमवताना

२०२० च्या लॉकडाउनमध्ये स्टुडिओ बंद पडले आणि ऑडिओबुकचं वाचन घरूनच करायची वेळ आली. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. हाताशी नवऱ्याचा जुना डेस्कटॉप आणि हौसेनं घेतलेला, बारीकसारीक आवाजही टिपणारा एक कंडेन्सर माइक. पहिलं प्रकरण पाठवलं, ते दुसऱ्या दिवशी परत आलं. शेरा एवढाच: मागे काहीतरी घुमतंय.

पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडकीला दोन रजया लावल्या. घुमणं तसंच. शेवटी ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) दहा सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करून तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला. (साइज १६३८४ ठेवा, नाहीतर खालचे आकडे एकमेकांत मिसळतात.) टोक नेमकं १२० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंगची भानगड असती तर टोक ५० किंवा १०० वर दिसलं असतं. मग १२० आलं कुठून? कॅबिनेटमधली हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारत होती. भागिले साठ, म्हणजे सेकंदाला १२०. कॅबिनेट आणि माइकचा छोटा स्टँड एकाच टेबलावर, म्हणजे फळीतून कंप थेट माइकात. कॅबिनेट खाली जमिनीवर गोधडीच्या घडीवर ठेवलं, गुणगुण गेली. खर्च शून्य.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण नवीन माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘डिस्क किती टीबीची घेऊ?’ आणि दुसरा, ‘फास्ट कोणती?’ वाचनासाठी या दोन्हींची फारशी गरज नाही. हिशोब साधा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकच चॅनल), म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने आणि प्रत्येक ३ बाइटचा. सेकंदाला १,४४,००० बाइट, तासाला साधारण अर्धा जीबी. ऑडॅसिटी प्रोजेक्टमध्ये ३२ बिट ठेवतं, तिथे एक तृतीयांश जास्त धरा. दहा तासांच्या पुस्तकाचं चुका आणि रीटेक धरून तीस तासांचं कच्चं काम झालं, तरी वीस-एकवीस जीबीत मावतं. वेगाचं म्हणाल तर सेकंदाला ०.१५ एमबी लिहायला म्हातारी हार्ड डिस्कसुद्धा दमत नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, घ्याच, पण ती गप्प बसते म्हणून. वेगासाठी जादा पैसे मोजायचे ते तबला, तानपुरा, व्हायोलिनच्या मोठमोठ्या सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) वाजवणाऱ्यांनी. त्यांना ते सूर डिस्कवरून भराभर उचलावे लागतात.

९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका. फाइल दुप्पट होते आणि वाचनात कानाला फरक कळत नाही. २४ बिट मात्र हवंच. त्यामुळे पातळी जरा खाली, उंच जागा उणे १२ डीबीच्या (डेसिबल) आसपास ठेवता येते आणि एखादा संवाद चढून फुटला असं होत नाही.

पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नये. लिहिता लिहिता तो मध्येच अडखळतो आणि त्या जागी आवाजात खाच पडते. शिवाय तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावतच नाही.

माइकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. जो तो कंडेन्सर घ्या म्हणतो. पण कंडेन्सरला शेजारच्या कुकरच्या शिट्टीपासून भंगारवाल्याच्या आरोळीपर्यंत सगळंच आवडतं. रस्त्याकडेच्या खोलीत कमी संवेदनशील डायनॅमिक माइक चार बोटांवर धरून बोलणं बरं. मात्र काही डायनॅमिक माइक फार क्षीण सिग्नल देतात, त्यांना ६० डीबीच्या आसपास गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो. तुमचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) तेवढा देतो का, आणि पूर्ण चढवल्यावर सूं सूं करतो का, हे दुकानातच हेडफोन लावून ऐका. कंडेन्सरच घेणार असाल, तर त्याला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं बटण इंटरफेसवर आहे ना ते पाहा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला आवाज पुन्हा माइकात शिरतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल, तर नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती नमुने हाताळतो तो आकडा) १२८ वर आणा किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो. लॅपटॉप असेल तर रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून पाहा, बरीचशी किरकिर तिथेच संपते.

आता माझा मूर्खपणा. जागा मोकळी व्हावी म्हणून मी अकरा प्रकरणं कॉम्प्युटरवरून कट करून एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट केली आणि ‘बॅकअप घेतला’ म्हणून निवांत झाले. आठवडाभरानं लेकाचा पाय वायरीत अडकला, चालू डिस्क टेबलावरून फरशीवर पडली आणि टक-टक-टक वाजू लागली. डेटा काढून देणाऱ्यानं सांगितलेला आकडा माझ्या माइकच्या किमतीहून जास्त होता. पहिली सात प्रकरणं निर्मात्यांकडे आधीच गेली होती, ती बचावली. उरलेली चार पुन्हा वाचली, पण तोवर पावसाळा लागला होता आणि घसा बसलेला. आजही सातव्यावरून आठव्या प्रकरणात जाताना बाई बदलल्यासारखी वाटते.

तेव्हापासून २ टीबीची एक घेण्याऐवजी १ टीबीच्या दोन डिस्क घेते. एक घरी, एक ठाण्याला बहिणीच्या कपाटात, आणि संपादन झालेल्या फाइली तेवढ्या क्लाउडवर. महिन्यातून एकदा ठाण्याला जाते, डिस्कची अदलाबदल करते आणि आणलेल्या डिस्कमधली कुठलीही एक फाइल उघडून मधूनच पाच मिनिटं ऐकते. बहीण म्हणते, चहा तरी आधी घे.