जुन्या संगणकावर लॅन केबलने डेबियन

वाचनालयातील जुन्या संगणकाची सीडी ड्राइव्ह गोव्याच्या पावसाळी दमट हवेने गंजली असेल आणि बायोस (संगणक सुरू होताच चालणारा मूळ प्रोग्राम) पेनड्राइव्ह ओळखत नसेल, तरी तो भंगारात काढू नये. लिनक्स असलेला लॅपटॉप आणि एक लॅन केबल एवढ्यावर त्यात डेबियन ही लिनक्सची मोफत आवृत्ती बसवता येते.

१. डेबियनचे नेटबूट संकुल (नेटवर्कवरून इन्स्टॉलर सुरू करणाऱ्या फाइली) उतरवून लॅपटॉपवरील एका फोल्डरमध्ये उलगडावे.

२. लॅपटॉप वायफायला जोडून, नेटवर्क मॅनेजरमध्ये त्याचे लॅन कनेक्शन इतर संगणकांसाठी 'शेअर' करावे. याच वेळी जोडलेल्या संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा डीएनएसमास्क हा प्रोग्राम आपोआप सुरू होतो, त्यामुळे वेगळा सर्व्हर उभारावा लागत नाही.

३. डीएनएसमास्कच्या सेटिंगमध्ये टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याची सोपी पद्धत) चालू करून पहिल्या पायरीतील फोल्डर आणि त्यातली पीएक्सईलिनक्स ही बूट फाइल (संगणक सुरू करणारी फाइल) नोंदवावी, मग कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करावे.

४. केबल थेट जुन्या संगणकाला लावून बायोसमध्ये 'लॅन बूट' (केबलवरून संगणक सुरू करणे) निवडावे. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३' असे आले, तर बूट फाइलचे नाव पोहोचलेले नाही. तिसरी पायरी पुन्हा तपासावी.

प्रोसेसर ३२ बिटचा असल्यास डेबियन १२ घ्यावे, कारण १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर नाही. ही केबल वाचनालयाच्या स्विचमध्ये (सगळे संगणक जोडणाऱ्या पेटीत) मात्र कधीही लावू नये, अन्यथा इतर संगणकही लॅपटॉपकडूनच पत्ते घेऊ लागतील.