आलिशान किचन आणि दोन आवडी: वाद कशावर घालायचा, कशावर नाही

एकाला हँडल नसलेली, ओट्यावर एकही वस्तू न दिसणारी पांढरीशुभ्र जागा हवी असते. दुसऱ्याला लाकडी चौकटीची शटर (म्हणजे कपाटांची दारं), पितळी नळ आणि हाताशी टांगलेली भांडी. बजेट मोठं असलं की हा वाद मिटायच्या ऐवजी वाढतो, कारण ‘परवडत नाही’ म्हणून कुणाची तरी बाजू आपोआप बाद होत नाही. मग डिझायनर दोघांचं थोडं थोडं घेऊन आराखडा काढतो आणि दोघंही नाराज राहतात. यापेक्षा सरळ रीत अशी: जे नंतर बदलता येत नाही ते मापं घेऊन ठरवायचं, आणि आवडीनिवडीचे वाद नंतर बदलता येईल अशा गोष्टींपुरते ठेवायचे.

आधी कारणं लिहून काढा

‘मॉडर्न’, ‘क्लासिक’, ‘मिनिमल’ हे शब्द चर्चेतून काढून टाका. प्रत्येकाच्या डोक्यात त्यांचं चित्र वेगळं असतं. दोघांनी वेगवेगळं बसून आठ-दहा फोटो निवडा आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहा: यातलं नेमकं काय आवडलं, आणि त्यामुळे रोजचं कोणतं काम सोपं होईल?

‘हँडल नको’च्या मागे बरेचदा ‘कपडे अडकतात’ किंवा ‘पुसायला त्रास’ असतं. ‘उघडी शेल्फ हवीत’च्या मागे वस्तू शोधत बसायचा कंटाळा असतो. कारण कळलं की उपाय तिसराच निघू शकतो. शोधायचा कंटाळा असेल तर उघड्या शेल्फवर चिकट धूळ जमवण्यापेक्षा पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर बरे. काही फोटोंखाली मात्र ‘बस, आवडतं’ एवढंच लिहिलं जाईल. त्यांच्यापुढे खूण करा. खरी आवड तीच, आणि ती प्रत्येकाची तीन-चार मुद्द्यांपलीकडे सहसा जात नाही.

मग अधिकार वाटून घ्या. ओट्याची उंची, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) आणि सिंकची जागा, ड्रॉवरची आतली रचना यांत जो जास्त वेळ तिथे उभा राहतो त्याचा शब्द शेवटचा. बसायच्या खोलीतून दिसणाऱ्या दर्शनी भागावर दोघांचा सारखा हक्क.

काय बदलता येतं, काय नाही

सगळ्यात अवघड बदल म्हणजे पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, चिमणीचा डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) आणि वायरिंग. त्यानंतर कॅबिनेटची मांडणी, मग ओट्याचा दगड, मग शटर. हँडल, नळ, दिवे आणि भिंतीचा रंग एका दिवसात बदलता येतात. एकमत होत नसलेली गोष्ट या यादीत जितकी वर, तितका निर्णय साध्या आणि तटस्थ बाजूला झुकवा.

कॅबिनेटचे सांगाडे 30, 45, 60, 90 सेंमी अशा चालू रुंदीत करून घ्या. पाच वर्षांनी शटर बदलावीशी वाटली तर सांगाड्याला हात लावावा लागत नाही. हँडलची दोन भोकं एकमेकांपासून 128, 160 किंवा 192 मिमी अशा सर्रास मिळणाऱ्या अंतरावर घ्या आणि सगळीकडे शक्यतो एकच माप ठेवा. पुढे हँडलची धाटणी बदलली तरी भोकं तीच चालतात.

हँडलविरहित रचनेत दोन प्रकार येतात. प्रोफाइल चॅनेलच्या प्रकारात सांगाड्यालाच खाच पाडलेली असते. त्यात वरच्या ड्रॉवरची उंची थोडी कमी होते, चॅनेलमध्ये चुरा साचतो, आणि नंतर हँडलकडे वळायचं म्हटलं तर शटरसकट सांगाडेही बदलावे लागतात. दाबून उघडणाऱ्या प्रकारात शटर आणि सांगाड्यात दोन-तीन मिमी फट लागते. ओट्याला टेकून काम करताना मांडी लागली की ड्रॉवर उघडतो, आणि चकचकीत शटरवर बोटांचे ठसे नेमके त्याच जागी उमटत राहतात. दोघांपैकी एकजण जरी साशंक असेल, तर सांगाडा हँडलचाच घ्या आणि शटरच्या रंगात मिसळून जाणारी बारीक हँडल लावा. लांबून दिसत नाहीत, हाताला मात्र सापडतात.

मापं: इथे आवड चालत नाही

फ्रँकफर्ट किचन हे 1926 मधलं प्रसिद्ध डिझाइन साधारण 1.9 बाय 3.4 मीटरच्या जागेत एका माणसानं काम करावं म्हणून आखलं होतं. हॉब, सिंक आणि फ्रिजचा ‘त्रिकोण’ 1940च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात पुढे आला, तोही एकट्याच्याच हालचालीवर बेतलेला. तीन बाजूंची बेरीज चार ते आठ मीटरच्या आत असावी, हा नियम आजही उपयोगी आहे. पण दोघं एकदम स्वयंपाक करणार असतील तर प्रत्येकाचा त्रिकोण वेगळा काढा आणि ते एकमेकांना कुठे कापतात ते बघा. बहुधा सिंकपाशी कापतात. म्हणून जागा असेल तर आयलंडवर (मधोमध सुट्या उभ्या ओट्यावर) दुसरं छोटं सिंक हा सगळ्यात कामाचा खर्च ठरतो.

ओटा आणि आयलंड यांच्यातली वाट एकट्यासाठी किमान 105 सेंमी, दोघांसाठी 120. डिशवॉशरचं दार खाली उघडलं की सुमारे 60 सेंमी पुढे येतं. 105च्या वाटेत मागे जेमतेम 45 सेंमी उरतात, म्हणजे तो भरताना दुसऱ्याला पलीकडे जाताच येत नाही. नकाशावर हे लक्षात येत नाही. जमिनीवर टेपनं आयलंड आखा, त्यावर पुठ्ठ्याची खोकी ओट्याच्या उंचीइतकी रचा, आणि दोघंही हातात ट्रे घेऊन एकमेकांना ओलांडून बघा. आयलंड लहान करायचा की नाही हा वाद तिथेच संपतो.

ओट्याची उंची काढायची ती कोपरावरून. सरळ उभं राहून कोपर दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून 10 ते 15 सेंमी वजा करा. 150 सेंमी उंचीच्या माणसाला 80 ते 84 सोयीचं पडतं, 180 सेंमीवाल्याला 98 ते 103. इथे सरासरी काढू नका; 90चा ओटा एकाचे खांदे दुखवतो, दुसऱ्याची कंबर. मुख्य ओटा एकाच्या मापाचा, आयलंड दुसऱ्याच्या मापाचा करा. एकाच ओट्यावर उंची बदलायचीच असेल तर ती कोपऱ्यात किंवा उंच कपाटाला लागून बदला. सरळ रेषेच्या मध्येच पडलेली पायरी चुकल्यासारखी दिसते. सिंकमध्ये हात तळाशी जातात म्हणून तिथे थोडी जास्त उंची बरी, आणि हॉबवर भांड्याची उंची मिळतेच म्हणून तिथे कमी.

एक अडचण लोक हमखास विसरतात. बहुतेक डिशवॉशरना ओट्याखाली किमान 81.5 सेंमी उंची लागते. त्यावर 2 सेंमी दगड धरला तर 83.5च्या खालच्या ओट्यात तो बसतच नाही. कमी उंचीचा ओटा ठरला असेल तर डिशवॉशर उंच बाजूला न्या, आणि तिथली पाण्याची लाइन आधीच काढून ठेवा.

ओट्याचा दगड

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि बहुतेक संगमरवरावरून. तो मुळात कॅल्साइट असतो, 1 ते 10च्या मोहस मोजपट्टीवर कठीणपणा सुमारे 3. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो यांच्या आम्लानं पृष्ठभाग झिजतो आणि निस्तेज चट्टा पडतो. सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव) लावला की तेलाचा डाग मुरत नाही, पण चट्टा पडतोच. सीलरवाले हे सहसा सांगत नाहीत. मॅट पॉलिशमध्ये चट्टे कमी दिसतात, डाग मात्र लवकर धरतो. काहींना जुन्या दगडाचा हा वापरलेपणा आवडतो, काहींची त्यानं झोप उडते. तुम्ही कोणत्या गटातले, हे बोलून कळत नाही. किमान 30 बाय 30 सेंमीचा तुकडा आणा, अर्ध्यावर सीलर लावा, त्यावर लिंबाचा रस, तेल आणि कडक कॉफी टाकून रात्रभर ठेवा. सकाळी धुवा, तिरप्या उजेडात धरा आणि दोघांनी बघा.

क्वार्टझाइट दिसायला संगमरवरासारखा असू शकतो, पण कठीणपणा 7च्या आसपास. घोटाळा असा की त्या नावाखाली कधी कधी मऊ दगडच विकला जातो. कटिंगचा उरलेला तुकडा मागून घ्या. त्याच्या टोकानं काचेवर ओरखडा सहज उठला पाहिजे, आणि लिंबाचा रस अर्धा तास ठेवल्यावर चकाकी तशीच राहिली पाहिजे. एक जरी गोष्ट फसली तरी तो दगड घेऊ नका.

इंजिनिअर्ड क्वार्ट्झमध्ये साधारण 90 टक्के खनिज आणि बाकी राळ असते. डाग धरत नाही, पण तापलेलं भांडं थेट ठेवलं तर राळ करपते, आणि रोजच्या उन्हात पांढरा रंग पिवळसर होऊ शकतो. मोठ्या खिडकीखाली तो नको. याच्या कटिंगमधून सिलिकाची घातक धूळ उडते. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून त्याच्या वापरावर बंदीच घातली. कुठलाही दगड असो, साइटवर कोरडं कटिंग करू देऊ नका. सिंटर्ड (दाबून भट्टीत भाजलेली) किंवा पोर्सिलेनची लादी उष्णता आणि आम्ल दोन्ही सोसते. तिची कमजोरी कडेला: सिंकच्या काठावर जड भांडं आपटलं की टवका उडतो, आणि शिरांची नक्षी बहुतेक वेळा वरच्या थरातच असल्यानं टवक्याची जागा उठून दिसते. कडेला दोन मिमीचा तिरका काठ मारून घ्या.

आमच्या मते तडजोडीची खरी जागा अशी: कामाचा ओटा ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटचा, आणि संगमरवर आयलंडच्या उभ्या बाजूंना किंवा हॉबपासून दूरच्या डॅडोला (ओट्यामागच्या भिंतीला). नजर उभ्या पृष्ठभागावरच जास्त जाते, आणि आम्ल सांडतं आडव्यावर. हॉबमागे मात्र संगमरवर लावू नका, तेल सांध्यात मुरतं. शिरा आरशासारख्या जुळवायच्या असतील तर एकाच ब्लॉकमधून कापलेल्या सलग क्रमांकाच्या लाद्या घ्या, कापण्याआधी यार्डात जमिनीवर मांडून फोटोवर कटिंगच्या रेषा आखा, आणि एक लादी जादा ठेवा. सांधा सिंक किंवा हॉबच्या कापाच्या जवळून नेऊ नका. त्या कापाचे आतले कोपरेही गोल असले पाहिजेत, तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो.

नळ, रंग, उजेड

लॅकर (पारदर्शक लेप) नसलेलं पितळ काळवंडतं, तेच एकाला हवं असतं आणि दुसऱ्याला नको असतं. पीव्हीडी कोटिंगचं (धातूवर चढवलेल्या कठीण, पातळ थराचं) पितळी रंगाचं फिनिश तसंच राहतं. तसाही नळ बदलता येतो, यावर संध्याकाळ घालवू नका.

पिवळा उजेड की पांढरा, यावर दोन वेगळे स्विच हे उत्तर आहे: वातावरणासाठी 2700 ते 3000 केल्विन, कापाकापीच्या जागेवर 4000. दोन्हींचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90च्या वर घ्या, नाहीतर लाकूड आणि अन्न दोन्ही मळकट दिसतात. वरच्या कपाटाखालची एलईडी पट्टी मागे भिंतीलगत लावली तर ओट्याच्या पुढच्या भागावर, जिथे खरं काम होतं, उजेड कमी पडतो. ती पुढच्या कडेला लावा आणि वर दुधी डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) घालाच. चकचकीत दगडात उघड्या पट्टीचे ठिपके लख्ख दिसतात. शटरचा नमुना उभा धरून आणि याच दिव्यांखाली बघा. दुकानातल्या उजेडात जुळलेले दोन पांढरे घरी वेगळे निघतात.

उघडं किचन आणि न दिसणारी चिमणी

किचन मोकळं ठेवायचं असेल तर चिमणीचा हिशोब फक्त किचनचा करून भागत नाही, जोडलेली खोलीही धरावी लागते. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करा आणि त्याला 10नं गुणा, म्हणजे तासाला दहा वेळा हवा बदलेल. 4 बाय 5 मीटर आणि 2.8 मीटर उंचीच्या जागेला ताशी 560 घनमीटर हवा ओढायला लागते. पलीकडची तेवढीच खोली धरली की 1120. डक्ट 150 मिमीचा, गुळगुळीत, कमीत कमी वळणांचा घ्या. सुरकुत्यांचा लवचिक पाइप ओढ खातो आणि आवाज वाढवतो. आयलंडवरच्या चिमणीला आडवा वारा लागतो, म्हणून ती हॉबपेक्षा दोन्ही बाजूंना 10-15 सेंमी रुंद हवी. ओट्यातून हवा खाली ओढणारी यंत्रं दिसायला सुरेख, पण उंच भांड्यातून वर जाणारी वाफ त्यांना पुरती सापडत नाही. हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून खोलीतच परत सोडणारी चिमणी वास कमी करते, ओलावा काढत नाही.

तळण आणि परतणं रोजचं असेल आणि समोरचं किचन नितळच हवं असेल, तर मागे छोटं कामाचं किचन काढा. एका बाजूला 60 सेंमी ओटा आणि 105 सेंमी वाट धरली तर 165 सेंमी रुंदी पुरते.

ऑर्डर देण्यापूर्वी

प्रत्येक भिंतीचं उभं ड्रॉइंग 1:20 प्रमाणात मागा आणि त्यावर दोघांनी सही करा. लाकडी व्हिनियर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर सगळ्या शटरना तो एकाच गठ्ठ्यातला घ्या आणि त्याचे दोन-तीन पापुद्रे जपून ठेवा, नंतरचा रंग जुळत नाही. बाकीचं काम सुरू होण्याआधी एक पूर्ण शटर आणि एक ड्रॉवर तयार करून मागवा, जागेवर बसवून आठवडाभर उघडझाप करून बघा. हँडलची भोकं कारखान्यात पाडू देऊ नका. ती सगळ्यात शेवटी, साइटवर, दोघंही हजर असताना पाडायला सांगा.