बेअरिंगचा बारीक टॉर्क मोजायचा कसा

608 नंबरचं बेअरिंग (भोक 8 मिमी, बाहेरचा व्यास 22 मिमी) बोटावर गरकन फिरलं की आपण 'फ्री आहे' म्हणतो. आकड्यात सांगायचं तर घर्षण गुणांक साधारण 0.0015 धरतात, 10 न्यूटन भारावर टॉर्क (फिरण्याला अडवणारा पीळ) येतो गुणांक × भार × भोकाची त्रिज्या, म्हणजे 0.06 न्यूटन-मिमी. ग्रीस आणि रबरी सीलची ओढ यात धरलेली नाही. सीलवालं बेअरिंग याच्या कितीतरी पट जड फिरतं.

आतली रिंग मोटरच्या शाफ्टवर बसवा. बाहेरच्या रिंगला हलकी दांडी लावा. केंद्रापासून 50 मिमीवर दांडीला दोरा बांधा आणि दोऱ्याचं खालचं टोक सोनाराच्या 0.01 ग्रॅमच्या काट्यावर ठेवलेल्या 50 ग्रॅम वजनाला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला थोडा भार टाका, म्हणजे दोरा सतत ताणलेला राहतो. 0.06 न्यूटन-मिमी म्हणजे काट्यावर जेमतेम 0.12 ग्रॅमचा फरक, त्यामुळे बारकावे पाळावेच लागतात.

काट्याचं टेअर (रीडिंग शून्य करणारं) बटण दाबू नका. शून्याजवळचा सावकाश बदल बरेच काटे स्वतःच शून्य करून टाकतात आणि आपलं रीडिंग त्यातच गायब होतं. शाफ्ट आधी सुलट, मग त्याच वेगाने उलट फिरवा. दोन रीडिंगमधल्या फरकाचा निम्मा घ्या. दांडीचा तोल थोडा बिघडलेला असला तरी तो असा वजा होतो. खात्री करायची तर शाफ्ट फिरत असतानाच 50 मिमीवर 1 ग्रॅम टांगा. काट्यावर 1 ग्रॅमचाच फरक दिसला पाहिजे. थांबलेल्या शाफ्टवर हे करू नका, स्थिर घर्षण दांडी धरून ठेवतं.

सोलापुरात यंत्रमागाच्या शेजारी जमीन सतत थरथरते. काट्याखालच्या शहाबादी फरशीखाली रबर घाला, पंखा बंद करा. टॉवेलच्या कारखान्यातलं कापसाचं तूस बेअरिंगमध्ये शिरलं की रीडिंग अधूनमधून उसळतं. सकाळी आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी ग्रीसचा घट्टपणा वेगळा, म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा. नवं बेअरिंग पंधरा मिनिटं फिरवून मगच मोजा, ग्रीस पसरेपर्यंत टॉर्क उतरतच असतो.

पडताळणीसाठी त्याच बेअरिंगवर चकती बसवा आणि ती मोकळी फिरू द्या. 200 ग्रॅम, 40 मिमी त्रिज्येची भरीव चकती 600 वरून 500 आरपीएमवर यायला 20 सेकंद लागले, तर टॉर्क सुमारे 0.084 न्यूटन-मिमी. त्यात हवेचा विरोधही आला. वेग कमी करून पुन्हा मोजा, हवेचा विरोध झपाट्याने घटतो.